क्लचच्या स्विचवर चालणारे लाँच कंट्रोल

क्लचच्या स्विचवर चालणारे लाँच कंट्रोल ही हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत बसवली जाणारी एक इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आहे. चालकाने क्लचचे पेडल पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तरी ही व्यवस्था इंजिनाची गती आधी ठरवून दिलेल्या मर्यादेवर रोखून धरते. पेडल सुटू लागताच मर्यादा उठते व इंजिनाची पूर्ण शक्ती चाकांकडे जाते. ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या स्थितीतून सुरू होणाऱ्या अल्प अंतराच्या शर्यतीत, प्रत्येक वेळी सारखाच आरंभ मिळावा यासाठी तिचा उपयोग होतो. आरंभासाठी एक खालची व धावण्यासाठी एक वरची अशा दोन मर्यादा तीत असल्याने शर्यतीच्या बोलीत तिला ‘टू-स्टेप’ असेही नाव आहे.

पार्श्वभूमी

ड्रॅग शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२.३४ मीटर असते. अनेक ठिकाणी त्याच्या निम्मे अंतरही धावले जाते. आरंभरेषेवर प्रकाशकिरणांचे संवेदक असतात. मोटारीचे पुढचे चाक किरणाच्या पुढे सरकले की तिचा धावकाळ मोजण्यास प्रारंभ होतो. हिरवा दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा प्रतिक्रियाकाळ निराळा मोजतात.

शर्यतीचा निकाल पुष्कळदा पहिल्या ६० फुटांत, म्हणजे १८.२९ मीटरमध्ये ठरतो. गुरुत्वत्वरणाच्या ०.५ पट त्वरणाने हे अंतर सुमारे २.७३ सेकंदांत पार होते, तर ०.४ पट त्वरणाने त्यास सुमारे ३.०५ सेकंद लागतात. येथे गमावलेले तीन दशांश सेकंद पुढे इंजिनाच्या बळावर भरून काढणे कठीण असते. त्यामुळे आरंभ हा चालकाच्या पायाच्या अंदाजावर न सोडता यंत्राकडून नियंत्रित करून घेण्याची कल्पना पुढे आली.

इतिहास

अमेरिकेत ड्रॅग शर्यतींना संघटित रूप देणारी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. आरंभी निशाण हलवून शर्यत सोडली जाई. १९६३ पासून दिव्यांच्या खांबाचा वापर सुरू झाला. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. आरंभ सहस्रांश सेकंदात मोजला जाऊ लागल्यावर इंजिनाची गती स्थिर ठेवण्याचे महत्त्व वाढले. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनपेट्या आल्यानंतर त्यांत दुसरी गतिमर्यादा समाविष्ट करणे शक्य झाले व ती मर्यादा लागू करण्यासाठी क्लचच्या पेडलाचा स्विच वापरला जाऊ लागला. स्वयंचलित गिअरपेटीच्या ड्रॅग मोटारींत हेच काम ट्रान्सब्रेक नावाच्या यंत्रणेच्या साहाय्याने होते.

फॉर्म्युला वन शर्यतींत १९९४ च्या हंगामापासून चालकाला साहाय्य करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर बंदी आली. २००१ च्या स्पेन ग्रां प्रीपासून लाँच कंट्रोलला पुन्हा अनुमती मिळाली आणि २००४ पासून ते तेथे पुन्हा वर्ज्य ठरले. आरंभाचे कौशल्य चालकाचे असावे की यंत्राचे, हा या वादाचा मूळ प्रश्न होता.

कार्यतत्त्व

इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक (ईसीयू) क्रँकशाफ्टवरील संवेदकाकडून प्रतिमिनिट फेऱ्यांची संख्या सतत वाचत असतो. स्विचकडून क्लच दाबल्याचा संकेत मिळाला की तो नेहमीच्या मर्यादेऐवजी आरंभाची मर्यादा लागू करतो. इंजिनाची गती त्या आकड्यावर पोहोचताच काही सिलिंडरांचे प्रज्वलन किंवा इंधन क्षणभर तोडले जाते. गती किंचित उतरली की ते पुन्हा चालू होते. मर्यादेवर धरलेल्या इंजिनाचा जो तुटक, फुटल्यासारखा आवाज येतो, तो या तोडजोडीचा असतो.

प्रज्वलन तोडल्यास न जळलेले इंधन धुराच्या नळीत जाते व तेथील उष्णतेने पेटते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात या ज्वलनामुळे टर्बाइन फिरत राहते आणि मोटार उभी असतानाच हवेचा दाब तयार होतो. इंधन तोडल्यास धुराच्या नळीत स्फोट होत नाहीत. परंतु मर्यादेच्या काठावर काही आवर्तनांत मिश्रणात इंधन कमी पडण्याचा धोका असतो. तिसरा मार्ग ठिणगी उशिरा पाडण्याचा आहे. त्यात गती मऊपणे रोखली जाते, मात्र धुराचे तापमान झपाट्याने चढते.

आरंभी उपयोगी पडणारी पहिली ऊर्जा इंजिनाच्या फिरत्या भागांत, विशेषतः फ्लायव्हीलमध्ये, साठलेली असते. ही ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फिरत्या भागांचे जडत्व ०.१५ किलोग्रॅम-वर्गमीटर मानले, तर प्रतिमिनिट ४००० फेऱ्यांना सुमारे १३.२ किलोज्यूल आणि ५००० फेऱ्यांना सुमारे २०.६ किलोज्यूल ऊर्जा साठते. गती एकचतुर्थांशाने वाढवली असता ऊर्जा निम्म्याहून अधिक वाढते. मर्यादा थोडी चढवल्याबरोबर चाके अचानक जागीच का फिरू लागतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

स्विचचे प्रकार

अनेक मोटारींत क्लचच्या पेडलापाशी कारखान्यातूनच स्विच बसवलेला असतो. वरच्या टोकाचा स्विच पेडलाला पाय लागताच बदलतो. तो क्रूझ कंट्रोल बंद करण्यासाठी असतो. खालच्या टोकाचा स्विच पेडल तळाशी गेल्यावरच बदलतो. क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये, ही त्याची योजना असते. लाँच कंट्रोलला या दोहोंच्या मधली जागा लागते, म्हणून बहुधा सरकवता येईल अशा पट्टीवर वेगळा मायक्रोस्विच बसवतात. काही ठिकाणी चुंबकीय हॉल संवेदक किंवा पेडलाची प्रत्यक्ष स्थिती सांगणारा संवेदक वापरला जातो.

मुंबईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत उघड्या स्विचचे संपर्कबिंदू गंजतात. जून ते सप्टेंबर या काळात पायपुसण्यांखाली साचणारे पाणीही तेथपर्यंत पोहोचते. यासाठी बंदिस्त, जलरोधक स्विच व रबरी सील असलेले कनेक्टर वापरणे श्रेयस्कर ठरते.

विद्युत जोडणी

स्विचची एक तार ईसीयूच्या संकेत स्वीकारणाऱ्या पिनेला व दुसरी अर्थिंगला जोडण्याची पद्धत सर्वाधिक रूढ आहे. पिनेवर रोधाच्या द्वारे ठरावीक व्होल्टता ठेवलेली असते. पेडल दाबल्यावर स्विच मिटतो, व्होल्टता शून्यावर येते आणि संगणक त्याचा अर्थ ‘क्लच दाबलेला आहे’ असा घेतो. अशा मांडणीत तार तुटली तर लाँच कंट्रोल लागूच होत नाही व इंजिन नेहमीप्रमाणे चालते. याउलट मांडणीत तुटलेली तार ‘क्लच दाबलेला’ असा खोटा संकेत देईल आणि धावत्या मोटारीची शक्ती मध्येच तुटू शकेल. बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हा जोडणीचा पहिला नियम मानला जातो.

अर्थिंग मोटारीच्या कोणत्याही पत्र्याला न देता ईसीयूच्या संवेदकांसाठी राखून ठेवलेल्या तारेस द्यावे लागते. प्रज्वलन कॉइलच्या तारांजवळून संकेताची तार नेल्यास तीत खोटे स्पंद निर्माण होतात. स्विच मिटताना व उघडताना त्याची पाती काही सहस्रांश सेकंद थरथरते, त्यामुळे ईसीयूमध्ये संकेत गाळण्याची अल्प मुदत ठेवतात. ही मुदत मोजूनमापून ठरवावी लागते. प्रतिमिनिट ५००० फेऱ्यांना एक फेरा १२ सहस्रांश सेकंदांत पुरा होतो व चार सिलिंडरांच्या इंजिनात दर ६ सहस्रांश सेकंदांनी एक ठिणगी पडते. मुदत २० सहस्रांश सेकंद ठेवल्यास मर्यादा उठण्यापूर्वी तीन ठिणग्यांचा काळ निघून जातो.

क्लचच्या स्विचखेरीज डॅशबोर्डवर एक स्वतंत्र बटन ठेवण्याची प्रथा आहे. ते चालू केल्याशिवाय लाँच कंट्रोल सिद्ध होत नाही. याच्या जोडीला ॲक्सिलरेटर ठरावीक प्रमाणाहून अधिक दाबलेला असावा व मोटारीचा वेग जवळजवळ शून्य असावा, अशा अटीही ईसीयूमध्ये घालतात.

स्विचची जागा निश्चित करणे

संपूर्ण जुळणीतील सर्वांत नाजूक भाग हा आहे. क्लचचे पेडल वर येताना ज्या बिंदूपाशी क्लच पकड घेऊ लागतो, त्या बिंदूच्या संदर्भात स्विच केव्हा बदलतो यावर आरंभाचे यश अवलंबून असते.

स्विच फार लवकर बदलला तर क्लचची पकड येण्यापूर्वीच मर्यादा उठते. ॲक्सिलरेटर तळाशी असल्याने भाररहित इंजिनाची गती एकदम उसळते व चाके जागीच फिरतात. स्विच फार उशिरा बदलला तर क्लचने पकड घेतल्यानंतरही मर्यादा कायम राहते. इंजिनावर भार तर येतो, पण त्याचे प्रज्वलन तोडलेले असते. परिणामी मोटार गचका खाऊन मंदावते. म्हणून पकड सुरू होण्याच्या किंचित आधी स्विच बदलेल, अशी त्याची जागा निवडतात.

हा बिंदू शोधण्यासाठी सपाट जमिनीवर, पुढे मोकळी जागा ठेवून, इंजिन मंद गतीवर चालू असताना पहिल्या गिअरमध्ये पेडल अतिशय सावकाश सोडले जाते. मोटार हलण्याची पहिली जाणीव होते तेथे पेडलाची उंची मोजून खूण करतात. त्यानंतर इंजिन बंद करून स्विचची पट्टी त्या खुणेच्या थोडी खाली बदल होईल अशा जागी कसली जाते. क्लचची तबकडी झिजते, केबलच्या क्लचमध्ये केबल ताणली जाते व तापलेल्या क्लचची पकडही सरकते. त्यामुळे एकदा साधलेली जागा कायमची नसते; शर्यतीच्या प्रत्येक दिवशी ती पुन्हा पडताळावी लागते.

गतिमर्यादेची निवड

मर्यादेचा आकडा सर्व मोटारींना सारखा असू शकत नाही. टायरची पकड, पट्टीचा पृष्ठभाग, इंजिनाचा टॉर्क, पहिल्या गिअरचे गुणोत्तर आणि कोणती चाके चालती आहेत, या सर्वांवर तो अवलंबून असतो.

भारतातील बहुतेक प्रवासी मोटारींप्रमाणे ड्रॅगसाठी सुधारल्या जाणाऱ्या मोटारीही पुष्कळदा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. होंडा सिटी व्हीटेक व स्कोडा ऑक्टाव्हिया या त्यांपैकी परिचित होत. मोटार पुढे झेपावताना तिचा भार मागे सरकतो व चालत्या चाकांवरील दाब नेमका गरजेच्या वेळी घटतो. स्थिर अवस्थेत पुढच्या चाकांवर ६० टक्के भार असलेली, गुरुत्वमध्याची उंची दोन आसांमधील अंतराच्या एकपंचमांश असलेली मोटार घेतली व टायरचा घर्षणगुणांक १ मानला, तर तिला गुरुत्वत्वरणाच्या जास्तीत जास्त ०.५ पट त्वरण मिळते. त्या क्षणी पुढच्या चाकांवरील भार ६० वरून ५० टक्क्यांवर आलेला असतो. याच मापाच्या, दोन्ही आसांवर समान भार असलेल्या व मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीला ०.६२ पटीपर्यंत त्वरण मिळू शकते. पुढच्या चाकांच्या मोटारीत मर्यादा कमी ठेवण्याचे कारण या भारांतरात आहे.

व्यवहारात आकडा खालून वर नेतात. आरंभी सावध मर्यादा ठेवून धाव घेतली जाते व ईसीयूत नोंदलेले आलेख तपासले जातात. क्लच सुटल्यावर इंजिनाची गती खोल कोसळत असेल आणि चाके घसरत नसतील, तर मर्यादा काहीशे फेऱ्यांनी वाढवतात. चाके घसरत असतील तर ती उतरवतात. स्विच बदलल्याबरोबर, परंतु मोटार हलण्यापूर्वी, गतीचा उंचवटा दिसला तर दोष मर्यादेत नसून स्विचच्या जागेत असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलल्याखेरीज कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळत नाही. चालत्या चाकांवरून मोजलेला वेग चाके घसरताना खोटा ठरतो. खऱ्या वेगासाठी न चालत्या चाकावरील संवेदक वापरावा लागतो.

ॲक्सिलरेटर न सोडता गिअर बदलणे

हाच स्विच धावत्या मोटारीत दुसरेही काम करतो. वेग ठरावीक मर्यादेच्या पुढे गेल्यावर क्लच दाबला गेला, तर ईसीयू आरंभाची मर्यादा न लावता क्षणभर प्रज्वलन तोडतो व गिअर बदलेपर्यंत इंजिनाची गती उसळू देत नाही. चालकाला ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागत नाही आणि टर्बोचार्जरचा दाबही टिकून राहतो. या दोन कार्यांमधील वेगाची सीमा चुकीची असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये जाताना आरंभाची खालची मर्यादा लागू होऊन मोटारीला तीव्र झटका बसतो.

यंत्रावरील ताण व सुरक्षितता

लाँच कंट्रोलमुळे आरंभ सुलभ होतो, पण त्यातील ऊर्जा कोठेतरी जिरतेच. १२०० किलोग्रॅमची मोटार घसरत्या क्लचवर ताशी ३६ किलोमीटरपर्यंत नेताना सुमारे ६० किलोज्यूल उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. दाबपट्टी व फ्लायव्हील मिळून पाच किलोग्रॅम लोखंड धरले, तर प्रत्येक आरंभाला त्याचे सरासरी तापमान सुमारे २६ अंश सेल्सिअसने वाढते. प्रत्यक्ष घर्षणपृष्ठ याहून कितीतरी अधिक तापते. थंड होण्यास उसंत न देता लागोपाठ पाच आरंभ केल्यास ही वाढ १३० अंशांपर्यंत जाते. जळक्या वासाचा क्लच हा त्याचा परिणाम होय.

मर्यादेवर इंजिन दीर्घकाळ धरल्यास धुराचे झडप, टर्बाइन व उत्प्रेरक परिवर्तक यांना इजा पोहोचते. त्यामुळे इंजिन मर्यादेवर धरण्याचा काळ काही सेकंदांपुरताच ठेवतात. क्लच पकडताना बसणाऱ्या धक्क्याने चालत्या चाकांचे दंड तुटू शकतात. मूळ ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील उच्च गतीला फुटण्याचा धोका असल्याने शर्यतीसाठी प्रमाणित पोलादी फ्लायव्हील आणि क्लचभोवती संरक्षक कवच बसवतात.

या धोक्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांचे आहे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स पट्टीवर आरंभाच्या क्षणीच त्यांच्या मोटारीची गिअर यंत्रणा फुटली व त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. या अपघातानंतर त्यांनी चालकाच्या मागे इंजिन असलेली ड्रॅगस्टर विकसित केली आणि पुढे तीच रचना सर्वत्र रूढ झाली.

महाराष्ट्रातील व मुंबई उपनगरांतील स्थिती

भारतात मोटार शर्यतींची परंपरा दीर्घकाळ विमानपट्ट्यांवर वाढली. चेन्नईजवळील शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टी त्यासाठी प्रसिद्ध होती. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे कायमचा शर्यतमार्ग उभा राहिला. महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही पाव मैलाची ड्रॅग स्पर्धा भरवली गेली असून मुंबई व पुण्याच्या मोटारींना तिने अधिकृत व्यासपीठ दिले.

मुंबई उपनगरांत याच तत्त्वाचा अभ्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांतही होतो. घाटकोपरलगतच्या विद्याविहार येथील के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ व पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ हे विद्यार्थ्यांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी मोटारी घडवतात. या स्पर्धांतील त्वरणचाचणी उभ्या स्थितीतून ७५ मीटर सरळ धावण्याची, म्हणजे ड्रॅग शर्यतीचेच लघुरूप असते. विजेवर चालणाऱ्या मोटारीत क्लच नसतो. तेथे मोटरचा टॉर्क चाकांच्या घसरणीनुसार कमी-अधिक करून लाँच कंट्रोल साधले जाते.

कायदेशीर बाजू

अंधेरी (एमएच-०२), बोरिवली (एमएच-४७) तसेच घाटकोपर व मुलुंड ज्यात मोडतात तो मुंबई पूर्व (एमएच-०३) या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या वाहनांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू होतो. त्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निर्णयात या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. कलम १८२-अ अन्वये मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वसाहतीच्या आवारात इंजिन मर्यादेवर धरून होणारी चाचणी तीत बसू शकत नाही.

उपनगरांतील पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्ग रुंद व सरळ दिसत असले, तरी त्यांवर पादचारी, रिक्षा, बसथांबे व जोडरस्ते आहेत. ड्रॅग पट्टीवर दोन्ही बाजूंना संरक्षक भिंती असतात, शेवटी थांबण्यासाठी मोकळी लांबी असते आणि रुग्णवाहिका सज्ज असते. चाके घसरून मोटार तिरकी झाली किंवा क्लच फुटला, तर त्याचा परिणाम तेथे शर्यतपटूपुरता मर्यादित ठेवण्याची ही योजना आहे. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी एकही गोष्ट नसते. या कारणास्तव लाँच कंट्रोलची जुळणी केवळ शर्यतीसाठी राखलेल्या मोटारीत व तिची चाचणी बंदिस्त पट्टीवरच करावी, असा संकेत या क्षेत्रात मानला जातो.